परगण्याएवढी माहिती: कल्पनारम्य खेळांतला ‘आपला मुलूख’ केवढा?

मागच्या वेळी आपण युद्धखेळांपर्यंत आलो होतो, म्हणजे नकाशावर सैन्यं सरकवत खेळायचे खेळ. आज त्याच घराण्यातली पुढची पिढी घेऊ: टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याची भावंडं. विषय मात्र एकच घेतला आहे, आणि तो वरवर पाहता अगदीच बारीक आहे. खेळातल्या पात्राला ‘स्थानिक माहिती’ नावाचं कौशल्य असतं. ते किती मोठ्या प्रदेशाला लागू पडावं? एका गावाला, एका राज्याला, की सगळ्या जगाला?

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार-पाच जण टेबलाशी बसतात. त्यातला एक सूत्रधार असतो. जग त्याच्या ताब्यात: गावं, राजे, राक्षस, हवामान, सगळं. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. त्या पात्राला काय येतं, किती येतं, हे एका कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. अवघड काही करायचं झालं की फासा टाकायचा आणि आपला आकडा त्यात मिळवायचा. भिंत चढणं, कुलूप उघडणं हे समजायला सोपं आहे. पण समजा, मंडळी एका नदीकाठच्या गावात पोहोचली. टेकडीवर एक पडका बुरूज दिसतोय. खेळाडू विचारतो, “हा कोणाचा, हे माझ्या पात्राला माहीत असेल का?” आता आली का पंचाईत? खेळाडूला ते माहीत असणं शक्यच नाही, कारण हे जग सूत्रधाराने गेल्या रविवारी रचलं. पात्र मात्र तिथंच जन्मलेलं असू शकतं.

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दर शनिवारी एक मोहीम चालवत होतो, सूत्रधार आम्हीच. पाच खेळाडूंपैकी एकाने नावाडी घेतला होता. तलवार बेताची, जादू शून्य. बहुतेक गुण त्याने एकाच कौशल्यात ओतले: एका विशिष्ट नदीच्या खोऱ्याची माहिती. पहिले सहा शनिवार तो टेबलाचा राजा होता. उतार कुठे आहे, कोणत्या घाटावर जकात चुकवता येते, कोणत्या पाटलिणीचं कोणत्या मठाशी वाकडं आहे, सगळं त्यालाच विचारायचे. मग कथा डोंगरापलीकडे गेली. आम्हीच नेली. पुढचे दोन महिने त्याच्या कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा एकदाही वापरात आला नाही. तो यायचा, बसायचा, लढाई आली की फासा टाकायचा. एका शनिवारी त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “याला आता काही काम नाही.” चूक त्याची नव्हती, आमची होती. पण नेमकी कुठे झाली हे समजायला आम्हाला या खेळांचा इतिहास परत वाचावा लागला. आजचं व्याख्यान त्यातूनच आलं.

सुरुवात आधीपासून करू. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने ‘क्रिगश्पील’ हा युद्धखेळ लष्करापुढे मांडला. त्यातली मोठी सुधारणा पंचाची होती. सगळी परिस्थिती पंचाला माहीत. खेळणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढंच कळायचं जेवढं त्या जागी उभ्या असलेल्या सेनापतीला कळलं असतं. ‘कोणाला काय माहीत आहे’ हा खेळाचा भाग तेव्हापासूनच झालेला आहे. आपला सूत्रधार हा त्याच पंचाचा वारस.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. त्यात स्थानिक माहितीचं कौशल्य नव्हतंच; आजच्या अर्थाने कौशल्यांची यादीच नव्हती. गावाबाहेरच्या रानातल्या प्रवासासाठी तर ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नावाच्या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरा, असं सुचवलेलं होतं. मग माहिती यायची कुठून? खेळाडूच्या डोक्यातून. तुम्ही तळघरात उतरलात, चौकटीच्या कागदावर नकाशा काढलात, खानावळीत कोणाला तरी बोलतं केलंत, ते सगळं तुमचं. पुढच्या आठवड्यात आठवलं तर उपयोग, विसरलात तर गेलं. पात्र आणि खेळाडू दोघेही परके, त्यामुळे अडचण कोणालाच जाणवली नाही.

हे परकेपण सगळ्यात प्रामाणिकपणे मांडलं ते १९७५ च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळाने. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते. इंग्रजीतून उर्दू शिकवणारा त्यांचा अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे. त्यांनी उभं केलेलं टेकुमेल हे जग इतकं परकं, त्यातले रीतिरिवाज इतके गुंतागुंतीचे, की अमेरिकेतल्या कोणा खेळाडूला ‘मी इथलाच’ असं म्हणता येणं कठीण. म्हणून बार्करनी सोपी युक्ती केली. तुमची पात्रं दूरदेशाहून छोट्या होडीतून जकाल्ला नावाच्या बंदरात उतरतात आणि त्यांना परदेशी लोकांच्या वस्तीत राहावं लागतं. शिष्टाचार चुकला तर जिवावर बेतायचं. म्हणजे खेळाडूचं अज्ञान आणि पात्राचं अज्ञान एकाच मापाचं करून टाकलं. युक्ती उत्तम, पण ती एकदाच चालते. कोणाला त्या बंदरातच जन्मलेला कोळी खेळायचा असेल तर काय?

ही गरज भागवणारा नियम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ठळकपणे दिसतो. त्यात ‘स्थानिक इतिहास’ नावाचं एक कौशल्य आहे, आणि त्याच्या वर्णनात प्रदेशाचं माप सरळ दिलेलं आहे: एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा किंवा छोट्या प्रांताएवढा. त्यात काय येतं? पडका बुरूज कोणी बांधला, जुन्या रणभूमीवर कोण पडलं, देवळात म्हणे कसला खजिना आहे, शेजारच्या गावच्या मुख्याधिकाऱ्याच्या टकलावर अचानक केस कसे उगवले. म्हणजे इतिहास, दंतकथा आणि कुचाळक्या, तिन्ही एकाच पोत्यात. गावाकडे ज्याने आजोबांच्या शेजारी बसून गप्पा ऐकल्या आहेत त्याला हे पोतं ओळखीचं वाटेल.

आणखी एक गोष्ट बघा, आमच्या मते ती मापापेक्षाही महत्त्वाची आहे. त्याच पुस्तकात ‘प्राचीन इतिहास’ हे वेगळं कौशल्य आहे आणि ते बुद्धीच्या आकड्यावर चालतं. ‘स्थानिक इतिहास’ मात्र करिश्म्यावर चालतो. ज्याला माणसं जोडता येतात, ज्याच्यापाशी लोक मन मोकळं करतात, त्याला मुलूख कळतो. एवढंच नाही, ते किस्से रंगवून सांगितले तर समोरच्यावर छापही जास्त पडते, असा नियम आहे. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं की सहज झालं, ते बाजूला ठेवू. माहिती माणसांकडून येते हे त्या नियमात धरलेलं होतं.

मग २००० साली तिसरी आवृत्ती आली. सगळी कौशल्यं एकाच पद्धतीत नीट बसवली, ते काम खरंच चांगलं झालं. ज्ञानाचे प्रकार पाडले: जादू, इतिहास, भूगोल, धर्म, सरदार घराणी वगैरे, आणि त्यातलाच एक ‘स्थानिक’. पण स्थानिक म्हणजे कुठलं स्थान? मूळ नियमात ते लिहायची गरजच ठेवली नाही. तुमच्या कागदावर नुसतंच ‘स्थानिक’. याचा शब्दशः अर्थ असा की तुम्ही जिथे जाल तिथले तुम्ही स्थानिक! २००३ च्या सुधारित आवृत्तीत तर माणसांसारख्या जमाती ओळखण्याचं कामही याच कौशल्याकडे आलं. आधार करिश्म्याचा राहिला नाही, बुद्धीचा झाला. आणि हिशेब असा की योद्ध्याला दर पातळीला दोनच गुण, बुद्धी बरी असेल तर थोडे जास्त. ज्ञानाची कौशल्यं त्याच्या पेशाबाहेरची, म्हणून दुप्पट भावाने घ्यायची. जादूगाराला मात्र सगळी ज्ञानं आपल्या पेशातली. निष्पन्न काय झालं? दहा वर्षं शहराच्या वेशीवर पहारा करणाऱ्या शिपायाला शहराची माहिती नाही, आणि मनोऱ्यात पोथ्या वाचत बसलेल्या जादूगाराला सगळ्या शहरांची आहे.

खेळणाऱ्यांना हे खटकलंच. २००१ साली ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगाचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात हे कौशल्य एकेका प्रदेशाला बांधलं गेलं: वॉटरडीप शहराचं वेगळं, दुसऱ्या राज्याचं वेगळं. ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ नावाची एक प्रचंड सामाईक मोहीम २००० ते २००८ चालली. तिच्यात खऱ्या जगातले देश आणि अमेरिकेतली राज्यं यांना खेळातल्या जगातले एकेक मुलूख वाटून दिले होते, म्हणजे अमुक राज्यातल्या खेळाडूंनी अमुक राज्याच्या गोष्टी रचायच्या. हजारो लोक खेळणार, तेव्हा ‘सगळीकडचा स्थानिक’ चालणं शक्य नव्हतं. त्यांनी मुलखांचे मोठे गट पाडले आणि स्थानिक माहिती गटागटाने विकत घ्यायला लावली. आमच्या नावाड्याचं दुखणं इथून सुरू होतं. खोऱ्याबाहेर पाऊल टाकलं की गुण बुडाले.

म्हणजे लंबक एकदा इकडे, एकदा तिकडे. फार रुंद केलं तर परकेपण संपतं. कोणी वाट विचारत नाही, गुराख्याशी बोलत नाही, खानावळीत बसत नाही. फासा टाकला की उत्तर हजर. सूत्रधाराने रचलेले सगळे गावकरी बिनकामाचे होतात. फार अरुंद केलं तर कथा वेशीबाहेर गेल्यावर खेळाडू बिनकामाचा होतो. खेळातला माणूस गप्प बसतो, नाहीतर टेबलावरचा. आमच्या मते दुसरं नुकसान जास्त मोठं, कारण टेबलावरचा माणूस शनिवारची संध्याकाळ मोडून आलेला असतो.

यावर एक शहाणपणाचा तोडगा ‘गर्प्स’ या खेळाने काढला. स्टीव्ह जॅक्सन यांचा हा खेळ १९८६ चा. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘प्रदेशाची माहिती’ या कौशल्याच्या पायऱ्या दिल्या आहेत: आपली गल्ली, गाव, शहर, छोटं राज्य, मोठं राष्ट्र, ग्रह, आणि त्याहीपुढे आकाशगंगेपर्यंत. किंमत सगळ्यांना तीच. फरक असा की प्रदेश वाढला की तपशील विरळ होतो. गल्ली माहीत असेल तर माणसं नावानिशी माहीत. राष्ट्र माहीत असेल तर मोठी शहरं, राज्यकर्ते, मुख्य रस्ते. एका पसाभर लोण्यासारखं हे: एका भाकरीवर जाड लावा, नाहीतर दहा भाकऱ्यांवर नुसतं फासा.

आता क्षणभर खेळ बाजूला ठेवून खऱ्या इतिहासाला विचारू. या खेळांचं जग बहुतेक वेळा मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवर बेतलेलं असतं, तेव्हा तिथल्या माणसाला काय माहीत असायचं? इंग्लंडमध्ये १०८६ साली विल्यम राजाने सगळ्या देशाची मोजदाद केली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखली जाते. जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती. हे राजाच्या पंडितांना माहीत नव्हतं. त्यासाठी ठिकठिकाणच्या लोकांना शपथेवर बोलावलं. ईलीच्या मठाशी संबंधित कागदात पद्धत नोंदलेली आहे: प्रत्येक गावातून धर्मगुरू, कारभारी आणि सहा कुळं. इंग्लंडमधली ज्युरीसुद्धा मुळात शेजारपाजारचीच असे. वस्तुस्थिती आधीच माहीत असणारी माणसं म्हणूनच त्यांना बोलवत.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत हेच दिसतं. गावची माहिती पाटील-कुलकर्ण्यांकडे, परगण्याची देशमुख-देशपांड्यांकडे. शिवेचा तंटा झाला की गोत जमायचं, आसपासच्या गावांतली जाणती माणसं साक्ष द्यायची आणि महजर व्हायचा. राजधानीतल्या शास्त्र्याला कोणी विचारत नसे की बांधावरचा दगड कोणी हलवला. गाव जाड माहितीचं आणि परगणा जरा पातळ माहितीचा. १९८९ च्या नियमातला ‘मोठा जिल्हा किंवा छोटा प्रांत’ या मापाच्या बराच जवळ जातो.

पण सगळी माहिती वर्तुळात मावत नाही. तेराव्या शतकात सेंट ऑल्बन्सच्या मठातला मॅथ्यू पॅरिस याने लंडनहून दक्षिणेकडे, पवित्र भूमीच्या दिशेने जाणाऱ्या वाटेचा नकाशा काढला. तो पट्टीसारखा आहे: एक मुक्काम, मग एक दिवसाची चाल, मग पुढचा मुक्काम. वाटेच्या डावी-उजवीकडचा देश त्यात जवळजवळ नाहीच. यात्रेकरू आणि व्यापारी यांचं ज्ञान असं असतं, दोऱ्यासारखं लांब आणि अरुंद. कुळाचं ज्ञान विहिरीसारखं, तोंड लहान आणि खोली जास्त. दोघांना एकाच शब्दाने ‘स्थानिक माहिती’ म्हटलं की घोळ होणारच.

तेव्हा आमचं म्हणणं असं. मुलूख केवढा असावा, हा प्रश्न नकाशाकडे बघून सुटत नाही. दोन गोष्टी विचाराव्या लागतात: या पात्राला हे कोणाकडून कळलं, आणि आपली कथा किती लांब जाणार आहे?

यातून निघणारे तीन नियम आम्ही गेली काही वर्षं वापरतो. पहिला, जन्मगावाची माहिती फुकट. त्यासाठी गुण घेऊ नयेत. हे आमचं डोकं नव्हे. ‘आर्स मॅजिका’त मुलखाची माहिती ही बालपणी मातृभाषेबरोबर मिळणाऱ्या गोष्टींत धरलेली आहे, आणि २०१८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्येही प्रत्येक पात्राला आपल्या मायभूमीची जाण मुळातूनच असते. वेशीवरच्या शिपायावरचा अन्याय एवढ्याने मिटतो.

दुसरा, ज्याला गुण मोजून कौशल्य घ्यायचं आहे त्याला परगण्याएवढा तुकडा द्यावा, पण परगणा कथेच्या मापाने ठरवावा. मोहीम एकाच शहरात घडणार असेल तर शहराचे पाच-सहा भाग पाडावेत: बंदर, बाजार, गढी, मठ. मोहीम खंडभर फिरणार असेल तर पाच-सहा राज्यं. तुकडे पाच-सहाच ठेवायचे, म्हणजे प्रत्येक खेळाडूचा तुकडा मोहिमेत कधी ना कधी येतोच. तो आणायची जबाबदारी सूत्रधाराची, आणि हे पहिल्याच दिवशी सांगायचं. ज्याला यात्रेकरू खेळायचा आहे त्याला वर्तुळाऐवजी वाट द्यावी. अरुंद ज्ञानाला मोबदलाही मिळायला हवा. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या आवृत्तीत नेमक्या विषयाची माहिती असलेल्याला तोच प्रश्न सोपा जातो, ती पद्धत उचलण्यासारखी आहे.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. मुलखाबाहेर गेल्यावर कौशल्य मरू देऊ नये. तिथे उत्तर मिळत नाही, पण प्रश्न विचारता येतो. ज्याला एक नदी नीट माहीत आहे त्याला दुसऱ्या नदीवर काय विचारायचं आणि कोणाला, हे कळतं. पुराची खूण कुठे लावता? गेल्या वर्षी कोण बुडालं? जकात राजाची की मठाची? करिश्म्यावर चालणारा तो जुना नियम इथे पुन्हा उपयोगी पडतो, कारण ही माहिती माणसांशी बोलूनच मिळते. असं केलं की खेळाडू बोलता राहतो आणि गावकऱ्यांनाही काम मिळतं.

नावाड्याचं काय झालं ते राहिलं. आम्ही त्याची माफी मागितली आणि हा तिसरा नियम त्या मोहिमेतच लागू केला. डोंगरापलीकडे एक खाडी होती, तिथल्या नावाड्यांची भाषाही वेगळी. बाकीचे चौघे राजवाड्यात शिरायच्या योजना आखत होते. हा काठावर जाऊन बसला आणि सुकाणू बांधायची त्यांची गाठ वेगळी का, एवढंच त्याने विचारलं. तासाभराने त्याच्याकडे भरतीची वेळ होती, चौकीवरच्या शिपायाचं नाव होतं आणि राजवाड्याच्या मागच्या दाराला रोज मासळी कोण पोचवतं तेही होतं. कागदावरचा आकडा तोच, पण त्या दिवशी तो खिशातून बाहेर आला.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, “पण मग सगळेच सगळीकडे विचारत सुटतील, कौशल्य घेतलेल्याला वेगळं काय?” प्रश्न योग्य आहे. विचारता सगळ्यांना येतं. फरक असा ठेवावा की कौशल्य असलेल्याला खोटं उत्तर ओळखता येतं. आम्ही अशा वेळी फासा झाकून टाकतो आणि बाकीच्यांना उत्तर खरं की खोटं ते सांगत नाही, नावाड्याला सांगतो. पुढच्या वेळी खेळांतले नकाशे घेऊ: ते कोण काढतं आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा. येताना चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन या.